कोपर म्हणजे आठ

जयगडला, धक्क्याच्या वरच्या अंगाला
घर क्रमांक एकशे बारा.
अंगणात सोडे वाळत घातलेले, वर जुनं जाळं,
जाळ्यावर मांजर, आशा न सोडलेलं.

शरफुद्दीन होडेकर, वय एकोणऐंशी, निवृत्त खलाशी.
मातृभाषा? मी विचारलं
आणि उत्तराआधीच दाबून टाकलं, मराठी.
सकाळपासून सगळी घरं तशीच दाबली होती.
माझ्या घरीही कुणीतरी असंच दाबलं असणार.

येणाऱ्या इतर भाषा?
हिंदी. थोडी अरबी, नमाजापुरती.
"आनि एक हाय, बाय. तिचं नाव मना ठाव नाय."

मोबाइलच्या यादीत मी उगीच बोट फिरवलं.

चौऱ्याहत्तर साल, लाकडाचं जहाज,
पापुआतल्या कुठल्याशा नदीचं मुख.
ताप डोक्यात चढला म्हणून ह्यांना उतरवलं.
परतीच्या फेरीला घेतो, म्हणाला कप्तान.
परतीची फेरी सात महिन्यांनी आली.
तोवर ताडासारख्या एका झाडाच्या बुंध्यातला गर
कुटून, धुऊन, भाजून.
"तुमचा एकादशीचा साबुदाना, त्यांचा रोजचा."

ते हसले. मग सदऱ्याची बाही वर सारली.

आधी मोजायला शिकवलं त्यांनी, म्हणाले.
डाव्या करंगळीपासून निघायचं, अंगठा पाच,
मनगट सहा, त्याच्या वर सात,
कोपर आठ, दंड नऊ, खांदा, मान, कान, डोळा,
नाक चौदा. तिथून उतार,
उजव्या करंगळीला येईतो सत्तावीस.
"आनि पुढं?"
"पुढं दुसरा मानूस आनायचा."

दुसरा माणूस फारसा आणावा लागत नसे.
ती भाषा बोलणारे सत्तावीसच होते,
एका अंगावर मावतील एवढे.
ह्यांनी एकेकाला जागा दिली होती:
डावी करंगळी, तंबाखूची डबी पळवणारी पोर.
कोपर, होडी कोरणारा यारो,
ह्यांचं वल्हवणं बघून पाण्यात लोळून हसलेला.
नाक म्हणजे एक म्हातारी.
ती एकटी बोलायला लागली की
बाकीचेही मान वळवून ऐकायचे,
अर्थ लागत नसल्यासारखे.

तिथल्या मिशनला तीन पत्रं टाकली.
एक्याण्णवला एक उत्तर आलं.
वस्ती उठून वर गेली. पोरं आता बाजारात चालते ती भाषा बोलतात.
सोबत राहिलेल्यांची नावं होती.
"मोजली," म्हणाले, आणि कोपर चोळला.
त्यापुढे हात गेला नाही.

चहा घेऊन आलेल्या झुलेखाबी दारातच थांबल्या होत्या.
म्हणाल्या, मला येतो त्यातला एक शब्द.
रात्री झोपेत मागतात ना, मी पाणी देते.
"पानी न्हवं गो ते," होडेकर म्हणाले,
"म्हंजे, तसा पानीच. पण वाहतं."
त्या म्हणाल्या, पन्नास वर्षं देतेय,
पिऊन गप झोपतात.

मी तो शब्द पुन्हा म्हणून दाखवा म्हटलं.
दोघांनी म्हटला, दोन तऱ्हेनं.
झुलेखाबींचा जरा कोकणातला झाला होता,
शेवटी हेल काढलेला.
मला कुठलाच धड जमला नाही.

मग रकाना. 'इतर' दाबलं,
की यंत्र विचारतं: नाव लिहा.
मी वर बघितलं. ते समुद्राकडे बघत होते,
म्हणजे गोदीकडे, तिथून आता समुद्र दिसत नाही.
"त्यांना विचारलं व्हतं मी नाव," म्हणाले.
"त्यांनी तोंडावर हात ठेवला.
तोंड हेच नाव, की गप बस, कळलाच नाय."

मी लिहिलं, तोंड.
माहिती जतन झाली.

संध्याकाळी तवसाळच्या फेरीत
चढणारी माणसं बघत उभी होते.
करंगळी, अनामिका, मधलं बोट.
एक दुचाकी, तिच्यावर तिघं.
मानेशी पोचले तेव्हा
नारळाचं पोतं घेतलेला बाप्या रोखून बघायला लागला.
मी कानातलं नीट करतेय असं दाखवलं.
बारा.